‘प्रार्थना केली, समाधान वाटलं’: फील्डवर्कच्या वहीत याच्यापुढे काय लिहायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पुण्यातल्या एका सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती महाविद्यालयात) बी.डी.च्या, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला असलेल्या तरुणाचं हे पत्र. जूनपासून सात महिने तो शनिवार-रविवार शहराजवळच्या एका मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्याचा सराव, करतो आहे आणि मंगळवारी दुपारी एका मिशन रुग्णालयात रुग्णभेटीला जातो. मंडळीत त्याच्या वाट्याला खुर्च्या लावणं, माइक-स्पीकर जोडणं, पाळकसाहेबांना गाडीवरून नेणं-आणणं आणि संडे स्कूल एवढंच येतं. उपदेशाची संधी दोनदाच मिळाली.

रुग्णालयात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, एका काकांचा पाय साखरेमुळे गुडघ्याखाली काढला होता. त्यांच्या पत्नीने त्याला विचारलं, “दोन वर्षं दशमांश दिला नाही. त्याच्यामुळंच झालं का हो हे?” (दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणं.) मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, मग औषधं सुरू झाली, असंही त्या सांगत होत्या. त्याने बायबलमधलं रोम ८:२८ (‘सर्व गोष्टी मिळून कल्याण’ होतं, हे वचन) वाचलं, मोठ्याने प्रार्थना केली आणि तो निघाला. पुढच्या मंगळवारी त्याला पाहून मावशींनी तोंड वळवलं. या भेटीवर लिहिलेलं थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन (ईश्वरविज्ञानाच्या अंगाने केलेलं चिंतन) फील्डवर्कच्या सुपरव्हायजर बाईंनी तीनदा परत केलं आहे. शेरा एकच: “हा वृत्तांत आहे. चिंतन कुठे आहे?”

तो विचारतो: “ग्रीक आणि हिब्रूत मी वर्गात पहिल्या तिघांत असतो. खरं शिक्षण तिथे चाललंय आणि फील्डवर्कने माझा वेळ जातोय. जागा बदलून मागू, की कसंतरी मार्चपर्यंत रेटू? आणि चिंतन म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं?”

उत्तर

प्रिय बंधू,

परत आलेल्या चिंतनाची प्रत तुम्ही पत्राला जोडलीत, हे फार बरं केलंत. त्यातला गाभा एवढाच आहे: “सर्जिकल वॉर्डात एका दुःखी भगिनीला भेटलो. तिच्या शंकेचं वचनाच्या आधारे निरसन केलं. प्रार्थना केली. तिला समाधान वाटलं. यावरून रोम ८:२८ ची सत्यता पटते.”

आता हे आणि तुमचं पत्र शेजारी ठेवून वाचा. वहीत मावशींना समाधान वाटलं आहे आणि पत्रात त्यांनी तोंड वळवलं आहे. तिसऱ्यांदा वही दिलीत तेव्हा ती तोंड वळवल्याची गोष्ट घडून गेलेली होती, तरी ‘समाधान वाटलं’ हे वाक्य तसंच राहिलं. यात तुमचा खोटेपणा नाही. फील्डवर्कची वही चांगल्या गोष्टी लिहायला असते, असं बहुतेक विद्यार्थी धरून चालतात, आणि ‘सेवेचा अहवाल’ लिहिण्याची आपल्या मंडळ्यांची रीतही तशीच आहे. पण तुमच्या सुपरव्हायजर बाईंच्या हातात फक्त वही आहे, आणि जिथे सगळं सुरळीत पार पडलं तिथे विचार करण्यासारखं त्यांना काही सापडत नाही. चिंतनाला तुम्ही सुरुवात केलेली आहे. ती वहीत न होता या पत्रात झाली, एवढंच.

वर्गात शिकायचं आणि फील्डवर्कमध्ये ते वापरायचं, हे तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. तसं असेल तर ज्याला वर्गात जास्त येतं त्याला वॉर्डात जास्त जमायला हवं, आणि नेमकं तेच झालं नाही म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात. ही वाटणी मुळातच चुकीची आहे. डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही की खरं शिक्षण पुस्तकात आहे आणि वॉर्डातली फेरी वरकड आहे. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांचा शंभर वर्षांपूर्वी हाच आग्रह होता: पाळक होणाऱ्यांनीही खाटेशेजारी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकावं. अँटन बॉइसन हे पाळक १९२० साली मानसिक आजाराने स्वतः रुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर, १९२५ च्या उन्हाळ्यात, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणून शिकवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की माणसं हेही जिवंत दस्तऐवज आहेत. ग्रंथ जितक्या काळजीने वाचता तितक्याच काळजीने माणूस वाचा. त्यातूनच रुग्णालयातल्या पाळकीय प्रशिक्षणाची पद्धत उभी राहिली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असं प्रशिक्षण मिळतं.

तुमची ग्रीक-हिब्रू नेमकी इथेच कामाला येते. एखादा उतारा समजावून सांगायचा तर तुम्ही आधी मूळ शब्द बघता. शब्द कोणते हे ठरवल्याशिवाय अर्थाला हात घालत नाही, आणि पाठभेद असेल तर तो समासात टिपता. मावशींच्या बाबतीत मात्र तुम्ही मूळ पाठ न वाचताच भाष्य लिहून मोकळे झालात. तेव्हा आधी पाठ तयार करा. याला आपण व्हर्बेटिम म्हणतो: जे बोललं गेलं ते, बोललं गेलं त्याच शब्दांत, ओळींना क्रमांक देऊन. तुमच्या पत्रात आहे तेवढंच वापरून मांडलं तर असं दिसतं (मा म्हणजे मावशी, वि म्हणजे विद्यार्थी):

मा१: दोन वर्षं दशमांश दिला नाही. त्याच्यामुळंच झालं का हो हे?
वि१: असं नसतं मावशी.
मा२: मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. मग ह्यांची औषधं सुरू झाली… (पदर तोंडाशी)
वि२: वचन काय सांगतं बघा. (रोम ८:२८ वाचतो.)
मा३: (गप्प)
वि३: आपण प्रार्थना करू या. (प्रार्थना, मोठ्याने.)

इतक्या लहानशा पाठातही किती दिसतं बघा. मा२ मध्ये मावशी दोन वर्षांचा हिशेब तुमच्यापुढे मांडत होत्या. त्यांना सिद्धांत नको होता. पैसा कुठे गेला हे त्या सांगत होत्या, म्हणजे आपण देवाला फसवलं नाही हे कोणाच्या तरी कानावर घालत होत्या. ते वाक्य अजून पुरं व्हायचं होतं तेवढ्यात वि२ आलं. मा२ आणि वि२ यांच्यामध्ये तुमच्या आत काय झालं? घशाशी काही आलं का, घड्याळाकडे नजर गेली का, की रडू आवरेना म्हणून पटकन पुस्तक उघडावंसं वाटलं? सुपरव्हायजर बाई तीनदा जे मागताहेत ते बहुधा हेच आहे.

दुसरी गोष्ट. काका कुठे आहेत? पाय त्यांचा गेला, खाटेवर ते पडलेत, हातभर अंतरावर हे सगळं बोलणं चाललं आहे, आणि पाठात त्यांची एक ओळ नाही. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याण’ हे वचन त्यांनीही ऐकलं, आणि त्या ‘सर्व गोष्टीं’त त्यांचा पाय आला. पौलाने ते ज्या अध्यायात लिहिलं त्यात सारी सृष्टी कण्हते आहे, आपणही कण्हतो, आणि आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे दोन-पाच ओळी आधीच येतं. तुम्ही अठ्ठाविसावी ओळ वाचलीत. त्या दुपारी सव्विसावी ओळ जवळची होती.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रार्थना. ‘प्रार्थना केली’ असं लिहून थांबू नका, तिचे शब्द लिहा. मनातलं ईश्वरविज्ञान तिथेच उघडं पडतं. ‘हे प्रभू, आमच्या चुकांची क्षमा कर’ अशी सवयीने सुरुवात केली असेल, तर मावशींच्या प्रश्नाला तुम्ही नकळत ‘हो’ म्हणून आलात. तोंड वळवण्याचं कारण तिथेही असू शकेल. तुम्हाला शब्द आठवत असतील तर आज रात्रीच लिहून काढा.

लिहिण्याची रीत सांगतो, कारण चुका याच जागी होतात. भेटीच्या वेळी कागद-पेन काढू नका आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग तर कधीच करू नका. बाहेर पडल्यावर, बसमध्ये बसल्या बसल्या, पाच-सहा कळीचे शब्द टिपा (‘दशमांश’, ‘लग्नाचं कर्ज’, ‘पदर’) आणि पूर्ण पाठ त्याच संध्याकाळी, फार तर चोवीस तासांत लिहा. दुसरा दिवस उजाडला की आठवण आपली वाक्यं घासूनपुसून चकचकीत करते. समोरच्याची वाक्यं आखूड होतात, आपली लांब आणि शहाणी होतात. ज्या पाठात तुमची सगळी वाक्यं पूर्ण आणि व्याकरणशुद्ध आहेत तो बहुधा नंतर सुधारलेला असतो. अडखळलात तिथे टिंबं द्या. गप्प बसलात तर किती वेळ, ते अंदाजाने लिहा. संपूर्ण तासाभराची भेट उतरवायची गरज नाही. जिथे काहीतरी अडलं त्या जागेच्या मागच्यापुढच्या बारा-पंधरा ओळी पुरतात. सुरुवातीला अर्धं पान पार्श्वभूमी: वॉर्ड, वेळ, आत जाताना तुम्हाला काय माहीत होतं, तुमची स्वतःची मनःस्थिती कशी होती. नाव, गाव, खाट क्रमांक बदला. रुग्णाची फाइल उघडून त्यातली माहिती घालू नका. तो कागद व्हॉट्सॲपवर जाता कामा नये, सत्र संपल्यावर फाडून टाकावा, आणि तो प्रसंग उपदेशात ‘साक्ष’ म्हणून तर मुळीच सांगू नये. मावशी कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या आहेत, आणि मराठी ख्रिस्ती समाज लहान आहे.

पाठ तयार झाला की मग चिंतन. बहुतेक जण इथे शेवटी एक वचन चिकटवतात, तुम्हीही तेच केलंत. पण वचन हा निष्कर्ष असू नये. चिंतनात तिघांना एकमेकांशी बोलायला बसवायचं असतं: हा अनुभव, आपली ख्रिस्ती परंपरा, आणि भोवतालचा समाज. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डिन यांनी कामगार तरुणांसाठी ‘पाहा, पारखा, करा’ अशी रीत रुजवली होती. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी ती आपल्या परिपत्रकात घेतली, आणि वसईच्या धर्मग्रामांतल्या वाचकांना ती ठाऊक असेल. कुठलीही रीत घ्या, पण ‘पाहा’वरून थेट ‘करा’वर उडी मारू नका.

मावशींच्या वाक्यावर हे करून पाहू. त्यांना हे कोणी शिकवलं? मलाखी ३:१० आपल्या व्यासपीठांवरून वर्षातून किती वेळा वाचलं जातं ते आठवा. दशमांश द्या, आकाशाची कवाडं उघडतील. हे ऐकत आलेला माणूस उलटा हिशेब आपोआप करतो: दिला नाही, म्हणून पाय गेला. कन्व्हेन्शनमध्ये आणि यूट्यूबवर तर हे उघडच सांगितलं जातं. त्यात शेजारच्या खाटेवरून ‘मागच्या जन्मीचे भोग’ ऐकू येतात, आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात, की दोष तुझाच. आता परंपरेला विचारा. मलाखीतलं ते भांडार कशासाठी होतं? देवाच्या घरात अन्न असावं म्हणून, असं त्याच ओळीत लिहिलं आहे. अनुवाद (बायबलचं पाचवं पुस्तक) १४:२८-२९ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायला सांगितला आहे, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे मावशींसारखं घर अडचणीत आलं तर तो दशमांश त्यांच्याकडे जायला हवा होता. मार्क ७ मध्ये ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं सांगून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना येशू काय म्हणतो ते वाचा. मग नवऱ्याच्या औषधाला दिलेला पैसा कुठल्या रकान्यात घालायचा? मत्तय २३:२३ मध्ये पुदिन्या-जिऱ्याच्या दशमांशाशेजारी न्याय आणि दया ठेवलेली आहे. शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल लूक १३ मध्ये, आणि जन्मांधाबद्दल योहान ९ मध्ये, ‘पाप कोणाचं’ हा प्रश्नच येशूने बाजूला सारला आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते तोवर ठीक होतं. तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग आला तो त्या मित्रांवर.

इथे परंपरा अनुभवावर प्रकाश टाकते, तसा अनुभवही परंपरेला प्रश्न करतो. मलाखी ३ वर उपदेश करताना सर्जिकल वॉर्डातल्या मावशी समोर बसल्या आहेत असं धरलं, तर तुम्ही काय गाळाल आणि काय वेगळं सांगाल? या एका प्रश्नाच्या उत्तरावर एक पान लिहिलंत तरी तुमचं चिंतन परत येणार नाही असं मला वाटतं.

मराठी माणसाला भोवतालच्या समाजाच्या या तिसऱ्या आवाजासाठी दूर जावं लागत नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलं होतं. देवाशी भांडण हा भक्तीचाच भाग आहे, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही शेवटपर्यंत अंधारातच राहतं. मावशींच्या तोंडी ‘किती वेळ, हे परमेश्वरा’ असं स्तोत्र १३ येऊ शकलं असतं. तुम्ही त्यांना ते वाचून दाखवलं असतं तर कदाचित त्यांचं वाक्य पुरं झालं असतं.

समाजाकडे पाहताना भावनेवर थांबू नका, रुपयाकडेही बघा. लग्नाचं कर्ज, मग औषध, मग शस्त्रक्रिया. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे रुग्णालय आहे का, आणि असेल तर योजनेत रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राशी या कुटुंबाची गाठ पडली आहे का? महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, हे मावशींना कोणी सांगितलं आहे का? तुम्ही स्वतः आश्वासन देऊ नका; रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचं दार दाखवा. आणि एक ओळ मनावर कोरून ठेवा: औषध, इन्सुलिन, पथ्य याबद्दल पाळकाने किंवा विद्यार्थ्याने एक अक्षर बोलायचं नाही. ‘विश्वासाने बरे व्हाल’ या शब्दांवर कोणी गोळी बंद केली तर दुसरा पायही जाऊ शकतो.

वॉर्डातले साधे नियमही याच जोडीने पाळायचे. आत जाण्याआधी सिस्टरना विचारा. हात धुवा. खाटेवर बसू नका. शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या माणसाने पाणी मागितलं तरी देऊ नका, सिस्टरना बोलवा. रुग्ण ख्रिस्ती असो वा नसो, प्रार्थनेआधी ‘करू का?’ विचारा आणि ‘नको’ हे उत्तर त्याच शांतपणे घ्या. करायचीच तर आवाज त्या खाटेपुरता ठेवा. मिशन रुग्णालयात रुग्णाला वाटू शकतं की नाही म्हटलं तर उपचारांवर परिणाम होईल. ती भीती त्याच्या मनात राहू न देणं हे तुमचं काम आहे.

आता मंडळी. सात महिने खुर्च्या लावल्या, याचा तुम्हाला त्रास होणं रास्त आहे, आणि ‘सेवकाने नम्र असावं’ असं सांगून मी ते झटकणार नाही. विद्यार्थी म्हणजे फुकटचा हमाल, अशी सवय काही मंडळ्यांना लागलेली आहे आणि ती मोडायला हवी. पण पाळकसाहेबांना तुम्ही एकदा तरी बसून विचारलं आहे का, की मला काय शिकायचं आहे? पत्रात तसा उल्लेख नाही. त्यांच्या हाती तुमच्या सेमिनरीचा फॉर्म आहे, त्यात ‘मंडळीच्या कामात सहभाग’ असं लिहिलं असेल, आणि खुर्च्या हा सहभागच आहे. दोष कोणा एकाचा नाही; शिकण्याचा करार लिहिलेला नाही, ही मूळ अडचण आहे.

तो आता लिहा, एकाच पानावर. मार्चपर्यंत दहा आठवडे आहेत, उद्दिष्टं तीनच ठेवा. एक करण्याचं: चार घरभेटी आणि दुःखाच्या घरची एक भेट, पहिल्या दोन वेळी मी फक्त पाहीन, पुढच्या दोन वेळी शास्त्रपठण किंवा प्रार्थना मी करीन, शेवटची मी घेईन आणि पाळकसाहेब पाहतील. दुसरं समजून घेण्याचं: मंडळीचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे खजिनदारांसोबत बसून पाहीन (मावशींच्या प्रश्नानंतर हे तुम्हाला निकडीचं आहे). तिसरं स्वतःबद्दलचं: कोणी रडलं की मी लगेच बोलू लागतो, दोन मिनिटं न बोलता बसायला शिकेन. प्रत्येकापुढे तारीख आणि ‘हे झालं हे कशावरून कळेल’ एवढा एक रकाना. आठवड्याचे तास लिहा, समजा आठ, आणि त्यांत खुर्च्या-माइक-गाडी मिळून दोनपेक्षा जास्त नाहीत. पंधरवड्यातून एकदा पाऊण तास पाळकसाहेबांसोबत बसणं, चालता-बोलता नव्हे, खुर्चीवर बसून. सही तिघांची: तुम्ही, पाळकसाहेब, फील्डवर्कचे प्राध्यापक. शिवाय मंडळीतल्या चौघांना उपदेशानंतर वीस मिनिटं अभिप्राय द्यायला सांगा. त्यांत एक स्त्री, एक तरुण आणि कमिटीत नसलेला एक जण असू द्या. ‘छान झाला’ यावर थांबू नका. ‘कुठे लक्ष सुटलं?’ हा प्रश्न विचारा.

लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे) दिवस येत आहेत, घरोघरच्या प्रार्थना सुरू होतील आणि पाळकसाहेबांना माणसं कमी पडतील. मागणी करायला याहून बरी वेळ नाही. गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी एखादा विद्यार्थ्याला देण्याची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. तुम्ही चौथा मागून घ्या. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्याची तयारी तुमची वॉर्डातच सुरू झालेली आहे.

आणि खुर्च्या लावताना एक बघा. शेवटच्या ओळीत कोण बसतं, भाकर-प्याला घ्यायला कोण पुढे येत नाही, दानपेटी फिरते तेव्हा कोणाचे डोळे खाली जातात. दशमांश न देऊ शकलेल्या आणखी मावशी तिथेच कुठेतरी सापडतील.

सुपरव्हायजर बाईंबद्दल. तीनदा वही परत करणारी माणसं नशिबाने मिळतात. बऱ्याच जागी सही होऊन वही कपाटात जाते. पण ‘चिंतन कुठे आहे’ एवढ्या शेऱ्यावर विद्यार्थ्याला वाट सापडत नाही, हेही खरं. म्हणून तुम्हीच पाठ घेऊन जा आणि नेमकं विचारा: “मा२ आणि वि२ च्या मध्ये मी काय टाळलं, हे मला बघायचंय.” चार-सहा जणांचा गट असेल तर तुमच्या ओळी दुसऱ्या कोणालातरी वाचायला द्या आणि मावशींच्या ओळी तुम्ही वाचा. पाऊण तास पुरतो: पाच मिनिटं वाचन, दहा मिनिटं फक्त ‘काय घडलं’ हे नीट कळण्यासाठीचे प्रश्न, आणि मग उरलेला वेळ अर्थ लावायला. ‘मी असतो तर असं म्हटलं असतं’ हे वाक्य गटात पहिल्या पंधरा मिनिटांत बंद ठेवायला सांगा, नाहीतर पाठ बाजूला राहतो आणि उपदेशांची स्पर्धा सुरू होते.

एक खरी अडचण मात्र आहे. जो मार्गदर्शन करतो तोच गुण देतो, आणि पुष्कळदा दीक्षेची शिफारसही त्याच्याच सहीने जाते. मग आपली चूक त्याच्यापुढे कोण मांडणार? बाईंना सरळ विचारा की गुण कशावर आहेत, भेट यशस्वी झाली की नाही यावर, की तुम्ही ती किती प्रामाणिकपणे वाचलीत यावर. मूल्यमापनाचं बोलणं वेगळ्या दिवशी ठेवता आलं तर उत्तम. स्वतःच्या घरातलं दुःख, जुना आघात असं काही व्हर्बेटिममधून वर आलं तर ते गुण देणाऱ्यापुढे उघडं करण्याचं बंधन तुमच्यावर नाही. तिथे चॅप्लेन (रुग्णालयातले पाळक) किंवा समुपदेशक गाठा.

जागा बदलू का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. दहा आठवड्यांत नवी मंडळी फक्त नावं शिकवेल. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: कोणी अंगाला हात लावला, अश्लील बोललं, मारलं, जातीवरून किंवा बाईपणावरून अपमान केला, दानाच्या पैशांच्या खोट्या नोंदी करायला लावल्या, मुलांबाबत काही वावगं दिसलं, तर करारबिरार लिहीत बसू नका. त्याच दिवशी फील्डवर्कच्या प्राध्यापकांना लेखी कळवा आणि पुन्हा तिथे जाऊ नका. दीड महिना कोणीच मार्गदर्शनाला बसलं नसेल, तरीही बदल मागण्याला आधार आहे. मुलींना घरभेटीला एकटं पाठवण्याची पद्धत कुठे असेल तर ‘दोघी जाऊ’ हे करारातच लिहून घ्यावं.

येत्या मंगळवारी वॉर्डात जा. मावशी अजून तिथे असतील तर वचन काढू नका, माफीचं लांब भाषणही नको. खाटेच्या पायथ्याशी उभं न राहता स्टूल घेऊन बाजूला बसा. आधी काकांना नावाने नमस्कार करा. मग मावशींना म्हणा, “त्या दिवशी तुम्ही लग्नाच्या कर्जाचं सांगत होतात आणि मी मध्येच वाचायला लागलो. तुमचं बोलणं राहून गेलं. आज थोडा वेळ बसू का?” त्या ‘नको’ म्हणाल्या तर ‘बरं मावशी’ म्हणून उठा, आणि संध्याकाळी तो नकारसुद्धा त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, मा१ म्हणून. डिस्चार्ज होऊन त्या गेल्या असतील तर नोंदवहीतून पत्ता शोधू नका. चॅप्लेनना सांगा, त्यांच्या मंडळीच्या पाळकांपर्यंत निरोप पोचवण्याचा मार्ग त्यांना माहीत असतो.